जागल

माझ्या आजोबांचे हिवाळे हरणं हाकलण्यात गेले. विदर्भात कारंजा गावाजवळ आमचं शेत. तुरीच्या शेंगा भरल्या, हरभऱ्याला घाटे धरले की रात्री जागलीला जायचं. धुऱ्यालगत चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी डालड्याचा रिकामा डबा आणि एक दांडकं. मध्यरात्रीनंतर रोही, म्हणजे नीलगायी, उतरायचे. ओल्या पाल्यातून कुणीतरी सावकाश चालत येतंय असा आवाज व्हायचा, आणि मग आजोबा डबा असा काही बडवायचे की माळ्यावर झोपलेला मी धडपडून उठायचो. काळविटांचा कळप रोह्यांपेक्षा शहाणा. डबा वाजला की तो शेजारच्या वावरात जाऊन उभा राहायचा. मग शेजारचा डबा वाजायचा. रात्रभर हरणं एका डब्याकडून दुसऱ्या डब्याकडे फिरत राहायची आणि जाता-येता सगळ्यांचंच थोडं थोडं खायची.

त्या माणसाचा नातू आज पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी पेरणी करतो. बियाणं विकत आणून, चुना टाकून, वाफसा बघून. आजोबांना हे सांगायला ते राहिले नाहीत याचं वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटतं.

राज्याची राजधानी हॅरिसबर्ग, तिथून वायव्येला दीडेक तासावर लांबच लांब डोंगररांगा आणि त्यांच्या मधल्या दऱ्या, असा मुलूख आहे. तिथल्या एका उतारावर आम्ही १९ एकर जंगल घेतलं. ‘जंगल घेतलं’ म्हणताना अजून जीभ अडखळते. आपल्याकडे जंगल म्हणजे सरकारचं. ते घ्यायची वस्तू नाही. पण या राज्यातलं बहुतेक जंगल माझ्यासारख्या किरकोळ मालकांच्याच नावावर आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी त्या जागेवर फिदा होतो. वर मोठाले ओक आणि लाल मेपल, खाली एक झुडूप नाही. नजर दोनशे पावलं आरपार जायची. आणि जमिनीवर गुडघाभर उंचीचं, पोपटी रंगाचं नेचं, कुणी कातरून एका पातळीत आणल्यासारखं. पान चुरडलं की वाळल्या गवताच्या गंजीसारखा वास यायचा. त्याच्या इंग्रजी नावातही तो वास आहे. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. मावशीने लिहिलं, ‘किती स्वच्छ ठेवलंय रे!’ मला ते कौतुक वाटलं.

इथे राज्याच्या वनखात्याचा माणूस जमीनमालकांना फुकट सल्ला द्यायला येतो. तो आला तेव्हा मी हौसेने एकेक ओक दाखवत होतो. तो वर बघेचना. दहा मिनिटांनी तो नेच्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘ओकचं एक रोप दाखव. तुझ्या गुडघ्याएवढं, एकच.’ आम्ही अर्धा तास शोधलं. बोटभर उंचीची, दोन पानांची रोपं सापडली, पुष्कळ सापडली, पण प्रत्येकाचा शेंडा गेलेला. त्याने एक काडी माझ्या तळहातावर ठेवली. सशाने कुरतडलेली काडी चाकूने तिरकी छाटल्यासारखी दिसते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते काडी खालच्या दातांत धरतं आणि ओढून तोडतं. त्यामुळे टोक फाटतं, धागे लोंबतात. माझ्या हातातल्या काडीला धागे होते. आमच्या तुरीचे शेंडेही असेच फाटलेले असायचे. इतकी वर्षं ते वाकून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मग सगळंच दिसायला लागलं. शिमगा-गणपती सोडून एरवी कोकणातल्या एखाद्या वाडीत जावं तसं ते जंगल होतं. सगळी वडीलधारी जागच्या जागी, आणि अंगणात एक पोर नाही. वरची झाडं ऐंशी-नव्वद वर्षांची. त्यांच्यामागून कुणीच येत नव्हतं. ज्या नेच्याचे मी फोटो काढत होतो ते हरणांना आवडत नाही, म्हणून ते उरलं होतं. बाकीचं सगळं खाऊन झाल्यावर सगळी जमीन त्याच्या नावावर झाली, आणि आता त्याच्या दाट सावलीत दुसरं बी वर यायला धजत नाही. मावशीची ‘स्वच्छता’ ती हीच, चाटून पुसून ठेवलेल्या ताटाची.

हे कसं झालं त्याची गोष्ट लांबची आहे. १९००च्या आसपास पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ संपलं होतं. लाकडासाठी डोंगर उघडेबोडके केलेले, शिकारीला धरबंध नाही. १८९५ मध्ये राज्याने वन्यप्राण्यांसाठी आयोग नेमला, १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडायला सुरुवात केली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी केली. लांडगा आणि प्यूमा माणसांनी आधीच नाहीसे केले होते. आणि गंमत अशी की, तोडलेलं जंगल त्याच वेळी सगळीकडून फुटत होतं, म्हणजे हरणाच्या तोंडाच्या उंचीवर मैलोन् मैल कोवळा पाला. हरणांना यापेक्षा चांगले दिवस ना आधी आले होते ना पुढे आले. जंगल वाढून पाला तोंडाच्या वर गेला, पण हरणांची संख्या खाली यायला तयार नव्हती.

राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, १९८०च्या सुमारास अमेरिकेच्या वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी जंगलाचे मोठे तुकडे कुंपणाने बंद केले आणि आत मोजून हरणं ठेवली. कुठे चौरस मैलाला १०, कुठे २०, कुठे ३८, कुठे ६४. दहा वर्षं बघितलं. विसाच्या पुढे गेलं की रोपांच्या जाती गळायला लागल्या. मधल्या उंचीच्या फांद्यांवर घरटी करणारे पक्षीही कमी झाले, कारण मधली उंचीच उरली नव्हती. हा प्रयोग मला त्या उकिडव्या बसलेल्या माणसाने सांगितला आणि तो निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, ‘तुझी हरणं उपाशी आहेत.’

आता शेतकऱ्याच्या नातवाला यावर काय सुचणार? पेरू या.

इथे ही रीतच आहे. जंगलात मोकळा तुकडा काढून हरणांसाठी चारा पेरतात. दुकानात त्याच्या बियाण्याच्या पिशव्या मिळतात आणि प्रत्येक पिशवीवर झुंबरासारख्या शिंगांचा एक नर छापलेला असतो. (आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर बोंडं छापतात त्याच प्रमाणात ती शिंगं खरी.) पूर्वी कुणी लाकूडतोड केली तेव्हा ओंडके रचायला केलेली अर्ध्या एकराची मोकळी जागा माझ्याकडे होती. वीस गुंठे! मी मातीचा नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवला. सामू निघाला ५.१. एवढ्या आंबट मातीत क्लोव्हरचा चारा काय, आशासुद्धा उगवत नाही. चुना हवा. ४० पौंडांची एक अशा ३८ पिशव्या मी गाडीतून तीन खेपांत आणल्या आणि हाताने फेकल्या. हरणं मला चुना लावणार होतीच; त्याआधी मी जमिनीला लावून घेतला.

ऑगस्टमध्ये सलगम पेरला. पाऊस वेळेवर झाला, उगवण अशी की आजोबांनीही मान डोलावली असती. बाराव्या दिवशी गेलो तर वावर मोकळं. मी आधी बियाण्याला दोष दिला. पलीकडच्या शेतावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, जन्मभर गाईंच्या धारा काढलेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, गोठ्यामागून जाळीचा एक तुकडा आणला, त्याचं घागरीएवढं नळकांडं केलं आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी पेरलंस की हे मधोमध ठोक. मग बोलू.’

सप्टेंबरात मी ओट आणि राय ही धान्यं पेरली, जाळी ठोकली. तीन आठवड्यांनी जाळीच्या आत वीतभर उंच, गर्द हिरवं राय उभं होतं, आणि जाळीच्या बाहेर त्याच दिवशी, त्याच मुठीतून पेरलेलं राय बोटाच्या पेराएवढं. जाळीची कडा होती तिथे बरोबर रेघ. दोन-तीन पाती जाळीतून बाहेर डोकावत होती, तीही तारेला घासून खाल्लेली. त्या नळकांड्यापुढे मी बराच वेळ बसलो. माझी पेरणी फसली नव्हती. ती जेवढी उगवत होती तेवढी रोज रात्री संपत होती. एका हरणाचा वावर साधारण चौरस मैलभर, म्हणजे ६४० एकरांचा असतो. त्यात माझे वीस गुंठे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एक वाटी कोशिंबीर.

मग जास्त खाऊ घालावं का? बरेच जण हिवाळ्यात मक्याचे ढीग टाकतात. पुण्य केल्यासारखं वाटतं. पण हरीण रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटातले जिवाणू हिवाळाभर काड्या-कळ्या पचवायला बसलेले असतात. त्यावर अचानक पोटभर मका पडला तर पोटात आम्ल होतं आणि भरल्या पोटाने हरीण मरतं. दुसरं म्हणजे एका ढिगाला वीस तोंडं लागतात. हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग आहे, प्रथिनाच्या बिघडलेल्या रूपामुळे होणारा, औषध नसलेला, लाळेतून पसरणारा. पेनसिल्व्हेनियात तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. ज्या भागात तो आहे तिथे हरणांना खाऊ घालायलाच बंदी आहे. पेरलेलं शेत चालतं, टाकलेला ढीग चालत नाही. पहिल्यांदा हा भेद मला वकिली वाटला होता. ढिगाभोवतीचा चिखल आणि त्यात एकावर एक उमटलेले खूर पाहिल्यावर तो कळला.

मी वीस गुंठे सोडले नाहीत. पण आता त्यांच्याकडून अपेक्षा कमी ठेवतो, आणि त्यामुळे बहुधा ते मला जास्त आवडतात. वर्षातलं सगळ्यात सुंदर काम मार्चच्या सुरुवातीला असतं. रात्री जमीन गोठते आणि फुगून वर येते, दुपारी विरघळते, आणि भेगांची जाळी पडते, उन्हाळ्यातल्या आपल्या काळ्या मातीसारखी, फक्त केसाएवढी बारीक. पहाटे, जमीन कडक असताना, त्यावर क्लोव्हरचं बी फोकायचं. वखर नाही, पाळी नाही. बी मोहरीपेक्षाही बारीक. भेगेत पडतं, आणि पुढच्या पंधरा-वीस रात्री गोठणं-विरघळणं त्याला हळूहळू गिळून घेतं. पेरणी आपण करायची, बुजवणी थंडीने. हा क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचाच भाऊबंद. एकदा धरला की तीन-चार वर्षं हलत नाही.

खरं काम मात्र झाडांत होतं, आणि ते मी दोन वर्षं टाळलं. वनखात्याच्या माणसाने जाण्याआधी ओकांना निळ्या फिती बांधल्या होत्या: हे राखायचे. ज्यांना फिती नाहीत आणि ज्यांचा माथा या ओकांच्या माथ्याला भिडलाय, ते तोडायचे. मुख्यतः लाल मेपल. ओक मोकळा झाला की त्याचा माथा पसरतो आणि एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, वाढतात. पांढऱ्या ओकचे एकॉर्न त्याच वर्षी पिकतात आणि कमी तुरट, म्हणून हरणं ते आधी संपवतात. लाल ओकच्या एकॉर्नना दोन हंगाम लागतात. दोन्ही जातींचे ओक असले की एकाने दगा दिला तरी दुसरा सावरतो. आणि तोडलेल्या मेपलच्या जागी जमिनीवर ऊन उतरतं, म्हणजे काटेरी बेरी, फुटवे, रोपं: हरणाचं रोजचं जेवण. हरीण गाईसारखं गवतावर जगत नाही. त्याला कोवळे शेंडे लागतात, कळ्या, रुंद पानं, एकॉर्न.

कळत होतं, पण जिवंत झाडाला करवत लावायला हात धजत नव्हता. ‘झाडं लावा’ हे शाळेच्या भिंतीवर वाचत वाढलेला माणूस मी. पहिल्या मेपलला मी मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि त्याने केली नाही. छातीच्या उंचीवर तीन चतुर्थांश कापून झाड नुसतं वाकवून पाडायचं, म्हणजे ते सालीवर जिवंत राहतं आणि आडवं पडून फुटत राहतं, अशी एक पद्धत आहे. मी ती व्हिडिओ बघून केली. अर्ध्यातच खोड उभं चिरलं आणि चिरलेला भाग कानाजवळून फटकन वर गेला. टोप होता, म्हणून लिहितोय. त्यानंतर मी रीतसर शिकलो आणि मोठी झाडं माहीतगार माणसाकडून पाडून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर बर्फात पायवाटाच पायवाटा. पडलेल्या मेपलच्या माथ्यातल्या कळ्या रातोरात खुडलेल्या. कालपर्यंत साठ फुटांवर असलेलं जेवण कुणीतरी जमिनीवर मांडलं होतं. शेजारी म्हणाले, हिवाळ्यात करवतीचा आवाज ऐकून हरणं जवळ येतात. मला पटलं नाही. पुढच्या आठवड्यात दुपारच्या डब्याला बसलो होतो, करवत बंद करून वीस मिनिटं झाली असतील. चार माद्या झाडांमागून आल्या आणि माझ्याकडे बघत बघत खाऊ लागल्या. डब्याच्या आवाजाने पळणारी हरणं मी बघितली होती. आवाजाला येणारी पहिल्यांदाच बघत होतो.

एक गोष्ट जाता जाता. ज्या परक्या झाडाशी मला सगळ्यात जास्त झुंजावं लागतं, जे कापलं की दहा ठिकाणांहून फुटतं, ते चीनमधून आलेलं, आपल्या महारुखाच्या सख्ख्या भावकीतलं. भावकीशी भांडण माझ्या नशिबी इथेही आहे.

‘पेरलंस, तोडलंस,’ शेजारी एका ऑक्टोबरात म्हणाले. ‘तिसरं काम उरलंय, आणि तू त्याचं नाव काढत नाहीस.’

मी मटण खातो, त्यामुळे माझ्या कचरण्याला कसलाही नैतिक आधार नव्हता. पण त्यांची स्वतःची गोष्ट वेगळी होती. या राज्यात पिढ्यान् पिढ्या मादी मारणं हे बायल्या माणसाचं काम समजलं गेलं, शिकार नराची. १९९९ मध्ये गॅरी आल्ट नावाच्या शास्त्रज्ञाकडे हरणांचं काम आलं. अस्वलांच्या अभ्यासामुळे लोकांचा लाडका माणूस. त्याने गावोगाव सभा घेऊन सांगितलं की, जंगल हवं असेल तर माद्या कमी करा आणि लहान नरांना वाढू द्या. २००२ मध्ये तसे नियम आले. लोक इतके खवळले की, त्याला धमक्या आल्या आणि गोळीरोधक जाकीट घालून सभेला जायची वेळ आली. दोन वर्षांनी त्याने पद सोडलं. ‘त्या सभांत ओरडणाऱ्यांत मी होतो,’ म्हातारबाबा म्हणाले. ‘मागच्या रांगेत.’ पुढे काही बोलले नाहीत. माझ्या रानाकडे बघत राहिले.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ते आणि त्यांची नात केशरी जाकिटं घालून पहाटे माझ्या रानात गेले. मी घरात चहा करत होतो. आठ वाजून गेल्यावर एकच बार झाला. दुसरा झाला नाही, आणि दुसऱ्याची वाट बघताना माझा चहा उतू गेला.

मी वर गेलो तेव्हा मादी नेच्याच्या वाळल्या थरावर आडवी होती. नात गप्प होती. म्हातारबाबांनी पोट उघडलं, कोठा बाहेर काढला आणि मला हाक मारली. ‘ये. तुझा हिशेब बघ.’ त्यांनी चाकूने कोठा चिरला आणि आतलं ओलं, गरम, पिवळसर हिरवं बर्फावर पसरलं. वाफ येत होती. त्यांनी बोटाने एकेक वेगळं केलं. एकॉर्नचे तुकडे, मूठच्या मूठ. मेपलच्या कळ्या, काड्या. बेरीची करवती कडेची पानं. एका कोपऱ्यात क्लोव्हरची तीन पानं, अजून ओळखू येण्याजोगी. नेचं अजिबात नाही. ३८ पिशव्या चुन्याचे तीन पानं, मी मनात भागाकार केला. ओकांनी मात्र काहीच न मागता अर्धा कोठा भरला होता.

मांसातलं निम्मं त्यांनी फ्रीझरला ठेवलं आणि निम्मं १९९१ पासून इथे चालू असलेल्या एका योजनेत दिलं, जिच्यातून शिकारीचं मांस अन्नपेढ्यांत जातं. एक पुडकं माझ्याकडे आलं. बायकोने सावजी मसाला लावून शिजवलं. बरं झालं होतं. दोघांनीही फारसं बोलून न दाखवता खाल्लं.

त्यानंतर दर वर्षी ते आणि नात येतात. मी अजून बंदूक घेतलेली नाही. वर जातो, चाकू धरू लागतो, कोठा बघतो. ओकांखाली मी तीस बाय तीस फुटांचं, आठ फूट उंच जाळीचं कुंपण घातलंय. आतलं नेचं पहिल्या वर्षी उपटलं. यंदा चौथं वर्ष. आत बेरीचं जाळं माजलंय आणि त्यातून ओकची रोपं वर आलीत, काही माझ्या गुडघ्याच्या वर. मे महिन्यात तिथे ट्रिलियम फुललं: तीन पानं, तीन पाकळ्या, एकच. बी पडल्यापासून फुलायला त्याला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे मी येण्याच्या आधीपासून ते तिथेच कुठेतरी होतं, दर वसंतात पान काढत आणि खुडलं जात. बाहेर, जाळीच्या पलीकडेही या वर्षी ओकची काही रोपं दिसली. शेंडे शाबूत. मोजली. अकरा.

परवा कारंज्याच्या चुलतभावाचा फोन आला. आजोबांचं वावर तोच करतो. माळा कधीच मोडला. आता भोवती सौरऊर्जेवरचं झटका मशीन आहे, आणि तरी रोही उडी मारून येतातच. पाऊसपाणी, तुरीचा भाव असं सगळं झाल्यावर त्याने विचारलं, ‘अन् तुमच्याकडं काय पेरलं यंदा?’

मी सांगितलं. क्लोव्हर. राय. हरणांसाठी.

पलीकडे इतका वेळ शांतता होती की, फोन कट झाला असं मला वाटलं.

‘बाप्पा,’ तो म्हणाला, ‘मंग आमचे रोही घेऊन जाय ना. भाडं मी देतो.’